जुन्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअर बॉक्स: उतरवण्याआधी काय तपासायचं आणि परत कसा चढवायचा

जुनी ऑटोमॅटिक गाडी पुढे सरकेनाशी झाली की खान्देशात पहिला सल्ला मिळतो, "पेटी उतरवा," म्हणजे गिअर बॉक्स खाली काढा. दुसरा सल्ला त्याच्या पाठोपाठ येतो, "ऑटोमॅटिक काढून टाका आणि साधा गिअर बॉक्स टाका." पहिला सल्ला बऱ्याचदा घाईचा असतो, दुसरा जवळपास नेहमीच चुकीचा. या पेट्या चिवट आहेत. त्यांची निम्मी दुखणी बाहेरून, पेटी जागेवर असतानाच बरी होतात. जी होत नाहीत त्यांच्यासाठी पेटी उतरवावी लागते, पण खरी परीक्षा असते ती परत चढवताना. दुरुस्त करून आणलेली पेटी पहिल्याच दिवशी गेली असं ऐकलं, की बहुतेक वेळा दोष दुरुस्तीत नसून बसवण्यात सापडतो.

आपल्याकडे दोन प्रकारच्या गाड्यांशी गाठ पडते. एक म्हणजे अमेरिकन, मुख्यतः साठच्या दशकातल्या शेव्हरले इम्पाला आणि त्यांच्या बहिणी. यातल्या बऱ्याच दूतावासांकडून स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या मार्गे बाजारात आल्या आणि हात बदलत बदलत इकडे पोचल्या. त्यांच्यात सहसा पॉवरग्लाइड नावाचा ऑटोमॅटिक गिअर बॉक्स असतो. शेव्हरलेने तो १९५० साली आणला, १९७३ पर्यंत बनवला. पुढे जायला फक्त दोन गिअर. १९६२ पासून त्याची ॲल्युमिनियमची आवृत्ती आली, त्याआधीची पेटी ओतीव लोखंडाची आणि भयंकर जड. दुसरा प्रकार म्हणजे मर्सिडीज डब्ल्यू १२३, विशेषतः डिझेल. तिच्यात चार गिअरची पेटी असते. इथे सांगितलेली रीत दोघांनाही लागू पडते. जिथे फरक आहे तिथे तसं सांगेन.

आत काय चालतं, थोडक्यात

इंजिनाच्या मागे क्लच नसतो, तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो. कन्व्हर्टरच्या मानेला दोन खाचा किंवा चपटे काठ असतात, ते पेटीच्या तोंडाशी असलेला पंप फिरवतात. पंप तेलाला दाब देतो, तो दाब पेटीच्या आतल्या क्लच प्लेटा दाबतो किंवा बँड (ड्रमभोवतीचा पट्टा) आवळतो. कोणत्या वेळी कोणता क्लच धरायचा हे व्हॉल्व्ह बॉडी ठरवते आणि तिला दोन खबरा लागतात: गाडीचा वेग किती, ते गव्हर्नर सांगतो. ॲक्सिलरेटर किती दाबला, ते व्हॅक्यूम मॉड्युलेटर किंवा केबल सांगते. तेल, पंप, दाब, आणि या दोन खबरा. तपासणीत याच्या बाहेर जायची गरज फार कमी वेळा पडते.

यातूनच एक महत्त्वाची गोष्ट निघते. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, पंप बंद म्हणजे आत वंगण नाही. त्यामुळे मुक्ताईनगरच्या पुढे हायवेवर गाडी बंद पडली आणि कुणी दोर बांधून जळगावपर्यंत ओढत नेतो म्हणाला, तर हात जोडून नको म्हणा. मागची चाकं फिरली की पेटीचा मागचा भाग कोरडा फिरतो. सपाट ट्रॉलीवर गाडी चढवा, नाहीतर प्रोपेलर शाफ्ट सोडवून मगच ओढा. धक्का मारून चालू करणंही याच कारणाने जमत नाही. सुरुवातीच्या पॉवरग्लाइडमध्ये मागे दुसरा पंप होता, त्या गाड्या धक्क्याने चालू व्हायच्या. तेवढा अपवाद.

पहिल्यांदा तेल

आमच्याकडच्या एका जुन्या मिस्त्रींचं अहिराणीत एकच सांगणं असतं, "भो, पह्यले तेल देख, मंग पेटी उतार." त्यांचं बरोबर आहे.

गाडी वीस-पंचवीस मिनिटं चालवून पेटी तापू द्या. सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा, इंजिन चालूच ठेवा. पायाने ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या खुणांवरून (पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह) एकदा फिरवा. मर्सिडीजमध्ये तेल पार्कवर मोजतात. क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइटमध्ये न्यूट्रलवर मोजतात. तुमच्या गाडीचं काय ते मॅन्युअलमध्ये बघा, कारण चुकीच्या खुणेवर मोजलं तर आकडाही चुकतो. तेल मोजायची दांडी (डिपस्टिक) पुसायला धागे न सुटणारं कापड घ्या. थंड पेटीवर पातळी कमी दिसते, म्हणून थंड असताना 'फुल'च्या खुणेपर्यंत भरलं तर गरम झाल्यावर तेल जास्त होतं, फेस येतो आणि फेस दाब देत नाही. कमी तेल आणि जास्त तेल, दोन्हींचं लक्षण एकच: पकड सुटणं.

आता रंग बघा. लाल किंवा गुलाबीसर असेल तर ठीक. तपकिरी-काळं आणि जळका वास म्हणजे क्लच प्लेटा जळल्या आहेत, आणि नवं तेल टाकून त्या परत येत नाहीत. दुधाळ गुलाबी दिसलं तर पाणी शिरलं आहे. रेडिएटरच्या तळातल्या कूलरला भेग पडली की दोन्ही द्रव एकमेकांत जातात. पाण्याने क्लचच्या अस्तराचा गोंद सुटतो, म्हणून अशी गाडी चालवत घरीसुद्धा नेऊ नका.

तेल कोणतं, हा प्रश्न इथे विशेष आहे. टपरीवजा दुकानात गिअर बॉक्स म्हटलं की ९० नंबरचं घट्ट गिअर ऑइल हातात देतात. ते ऑटोमॅटिकमध्ये गेलं की खेळ संपला. जनरल मोटर्स (शेव्हरलेची मूळ कंपनी) आणि मर्सिडीजच्या या जुन्या पेट्यांना डेक्सरॉन-२ किंवा ३ दर्जाचं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड, चालतं. जळगाव-धुळ्याच्या ट्रक पार्टच्या दुकानांत ते पॉवर स्टिअरिंगचं तेल म्हणून मिळतं. डब्यावर डेक्सरॉन लिहिलेलं आहे ना, तेवढं वाचा आणि सीलबंद डबाच घ्या.

तेलाची पातळी बरोबर, रंगही बरोबर, तरी त्रास आहे, असं झालं की पुढे जा.

बाहेरून सुटणारी दुखणी

लिंकेज. लिव्हर ड्राइव्हवर आहे, पण पेटीवरचा आर्म पूर्ण खाचेत बसलेला नाही, हे जुन्या गाड्यांत रोजचं. नायलॉनचे बुश झिजतात, रॉड ढिला होतो. आतला मॅन्युअल व्हॉल्व्ह अर्धवट उघडतो, दाब कमी जातो आणि क्लच हळूहळू जळतो. खाली शिरा, रॉड सोडवा, पेटीवरचा आर्म हाताने हलवा. प्रत्येक खाच बोटाला 'टक' लागली पाहिजे. मग लिव्हर आणि आर्म एकाच खुणेवर ठेवून रॉडची लांबी जुळवा. गाडी फक्त पार्क आणि न्यूट्रलवरच स्टार्ट होते का, हेही तेव्हाच बघा.

व्हॅक्यूम. पेट्रोल गाडीत मॉड्युलेटरची नळी काढा. नळीत लाल तेल दिसलं तर मॉड्युलेटरच्या आतला पडदा, म्हणजे डायाफ्राम, फाटला. इंजिन पेटीतलं तेल ओढून जाळतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि मालक इंजिनाचे रिंग बदलायला निघतो. खरं तर मॉड्युलेटर बदलण्याचं छोटं काम असतं. नळीत तेल नसेल तर व्हॅक्यूम गेज लावा: इंजिन आयडलवर असताना साधारण १५ ते २० इंच पारा दिसायला हवा. रबर नळ्या आपल्या उन्हात लवकर तडकतात. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि बॉनेटखाली काय होत असेल ते सांगायला नको.

मर्सिडीज डिझेलमध्ये व्हॅक्यूम पंपातून येतो आणि त्याच नळ्यांच्या जाळ्यावर दरवाज्यांची लॉकं आणि इंजिन बंद करण्याची यंत्रणाही चालते. त्यामुळे गिअर आपटत पडतायत आणि चावी फिरवली तरी इंजिन लगेच बंद होत नाही, ही दोन लक्षणं एकत्र दिसली की पेटीकडे पाहूच नका. कुठल्यातरी दरवाज्यातली नळी गळत असणार.

केबल. किकडाऊनची (ॲक्सिलरेटरपासून पेटीकडे येणारी) केबल किंवा रॉड ताणलेली असेल तर गिअर उशिरा आणि जोरात पडतो, ढिली असेल तर लवकर आणि मऊ पडतो. मऊ पडतो म्हणून मालक खूश होतात. पण ती घसरण असते.

बँड. पॉवरग्लाइडचा लो बँड बाहेरून जुळवता येतो. लॉकनट ढिला करा, स्क्रू ७० इंच-पाउंड म्हणजे सुमारे ८ न्यूटन-मीटरपर्यंत आवळा आणि मग मोजून चार फेरे मागे घ्या. बँड नवा असेल तर तीन. अंदाजे फेरा चालत नाही. स्क्रूवर खडूने रेघ मारा. लॉकनट आवळताना स्क्रू फिरू देऊ नका.

लक्षणावरून जागा ओळखणं

रिव्हर्स लागतो पण पुढे जात नाही, असं पॉवरग्लाइडमध्ये झालं तर संशय लो बँडवर. डब्ल्यू १२३ च्या नंतरच्या पेटीत हेच लक्षण असेल तर बी-टू बँडचा पिस्टन तुटलेला असण्याची शक्यता मोठी, आणि तो गाडीखाली झोपून, पेटी न उतरवता बदलता येतो. या एका पिस्टनसाठी अख्खी पेटी उतरवणारे लोक आहेत.

कुठल्याच बाजूला जात नाही तेव्हा प्रोपेलर शाफ्ट फिरतोय का ते आधी बघा. मग तळाचा फिल्टर, मग पंप. वरचा गिअर पडतच नाही, तर गव्हर्नर अडकला असेल. बऱ्याच पेट्यांत तो शेपटीकडच्या झाकणातून बाहेर काढून धुता येतो. दोन गिअरांच्या मधे इंजिन रिकामं गुरगुरत वर जातं, तर त्या क्लचची पकड गेली.

एक आवाज मात्र भल्याभल्यांना फसवतो. आयडलवर इंजिनाच्या मागून 'टक-टक-टक' येतं, लिव्हर टाकली की बदलतं. ऐकणारा म्हणतो, कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं, इंजिन खोला. प्रत्यक्षात इंजिन आणि कन्व्हर्टर यांच्यामधली पातळ पोलादी चकती, म्हणजे फ्लेक्स प्लेट, बोल्टच्या भोकांभोवती तडकलेली असते. किंवा कन्व्हर्टरचे बोल्ट ढिले असतात. खालचं पत्र्याचं झाकण काढून, टॉर्चने प्लेट हळूहळू फिरवत बघायला काही मिनिटं लागतात. इंजिनावर पैसे घालवण्याआधी ती मिनिटं द्याच.

स्टॉल टेस्ट बद्दल विचारणा होते. चारी चाकांना ओट (अडसर) लावायची, दोन्ही ब्रेक पूर्ण दाबायचे, ड्राइव्ह टाकून ॲक्सिलरेटर पूर्ण द्यायचा आणि इंजिनाचे फेरे वाचायचे. मॅन्युअलपेक्षा जास्त आले तर क्लच घसरतोय. खूप कमी आले तर इंजिन कमजोर किंवा कन्व्हर्टरमधला स्टेटर बिघडलेला. पाच सेकंदांच्या वर नाही, समोर माणूस उभा नाही, आणि नंतर न्यूट्रलवर इंजिन चालू ठेवून तेल थंड होऊ द्यायचं. खरं सांगायचं तर पन्नास-साठ वर्षांच्या गाडीवर मी ही टेस्ट टाळतो. प्रेशर गेज पेटीच्या पोर्टला लावून दाब मोजणं जास्त बोलकं आणि कमी धोक्याचं.

शेवटी पॅन, म्हणजे पेटीच्या तळाचं तेलाचं झाकण, उतरवा. तळाशी राखाडी पातळ लेप असतोच, तो नेहमीच्या झिजेचा. काळे तुकडे असतील तर क्लचचं अस्तर. पिवळसर चमक असेल तर बुश किंवा वॉशर. पांढरी चमचमती कणी असेल तर ॲल्युमिनियम, म्हणजे पंप किंवा पेटीचा कवच. काळे तुकडे आणि धातू दोन्ही सापडले की आता पेटी उतरवायची.

उतरवणं

जागा नीट निवडा. आपल्या काळ्या कापसाच्या जमिनीवर घोड्या (जॅक स्टँड) लावून गाडीखाली शिरायचं नाही. जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि घोडीचा पाय कधी बसेल याचा नेम नाही. सिमेंटची फरशी असेल तर उत्तम, नसेल तर प्रत्येक घोडीखाली जाड लोखंडी प्लेट टाका. पेटी जॅकवर बाहेर सरकण्याइतकी गाडी उचलावी लागते. घोडी नसलेला जॅक म्हणजे आधार नव्हे, हे हेल्पर पोराला दर वेळी बजावा.

बॅटरीची अर्थ वायर काढा. तेल स्वच्छ घमेल्यात काढा. प्रोपेलर शाफ्ट आणि मागच्या फ्लँजवर सेंटर पंचने समोरासमोर खूण करा, मग सोडवा. युनिव्हर्सल जॉइंटच्या टोप्यांना टेप गुंडाळा, नाहीतर आतल्या सुया जमिनीवर सांडतात. स्पीडोमीटरची केबल, लिंकेज, किकडाऊन, व्हॅक्यूम नळी, तेल भरायची नळी, एकेक करून. कूलरच्या पाइपांना दोन पाने लावा, एकाने धरा, दुसऱ्याने फिरवा. एकाच पान्याने ओढलं तर पाइप पिळून जातो.

स्टार्टर आणि खालचं झाकण काढल्यावर कन्व्हर्टर आणि फ्लेक्स प्लेटवर रंगाची एक रेघ मारा. क्रँकच्या पुलीचा बोल्ट फिरवून इंजिन हळूहळू फिरवा आणि कन्व्हर्टरचे बोल्ट एकेक करून काढा. पॉवरग्लाइडला सहसा तीन असतात. बोल्ट निघाले की कन्व्हर्टर मागे, पेटीकडे ढकला. तो सहज मागे सरकला पाहिजे.

क्रॉस मेंबर काढला की इंजिनाची मागची बाजू खाली बसते. शेव्हरलेच्या व्ही-८ मध्ये डिस्ट्रिब्युटर मागेच असतो, तो फायरवॉलला लागून फुटतो. पंखा पुढे रेडिएटरला लागतो. म्हणून इंजिनाच्या ऑइल पॅनखाली लाकडाचा ठोकळा ठेवून दुसरा जॅक आधी लावा. वरचे बेल हाउसिंगचे बोल्ट लांब एक्स्टेन्शन आणि गोटीने (सॉकेटने), गाडी थोडी झुकवून, मागच्या बाजूने निघतात.

पेटी जॅकवर साखळीने बांधा. ॲल्युमिनियमची असो वा लोखंडाची, छातीवर तोलायची ती वस्तू नाही. मागे सरकवली की लगेच बेल हाउसिंगच्या दोन भोकांत एक पट्टी आडवी बोल्टने लावा म्हणजे कन्व्हर्टर घसरून पायावर पडणार नाही. पेटी नाशिक, पुण्याला किंवा मुंबईला तज्ज्ञाकडे पाठवायची असेल तर पट्टी तशीच ठेवा आणि पेटी लाकडी खोक्यात आडवी न हलणारी अशी बांधा.

पेटी बाहेर असताना

हा वेळ फुकट घालवू नका. फ्लेक्स प्लेटच्या भेगा, रिंग गिअरचे दात, इंजिनाचा मागचा ऑइल सील, पंपाचा सील, लिव्हर शाफ्टचा सील, शेपटीचा सील, रबर माउंटिंग, शाफ्टचे क्रॉस. यातलं जे संशयास्पद वाटेल ते आत्ताच बदला. कन्व्हर्टरच्या मानेवर नख फिरवा. खाच लागली तर नवा सीलही गळेल. इंजिनाच्या पाठीवर दोन डॉवेल पिना असतात. मागच्या कुणा मिस्त्रीने एखादी काढून टाकलेली असते. ती नसेल तर पेटी मध्यावर बसत नाही, पंपाचा बुश एका बाजूने झिजतो आणि सील पुन्हा पुन्हा जातो.

जळालेली पेटी दुरुस्त केली आणि कन्व्हर्टर जुनाच ठेवला, तर त्यातला कचरा नव्या पेटीत जातो. कन्व्हर्टर कापून, धुऊन, पुन्हा वेल्ड करून, बॅलन्स करणं हे साध्या लेथवाल्याचं काम नाही, त्याच्याकडे द्या म्हणणाऱ्याचं ऐकू नका. ज्यांना ड्रेन प्लग आहे, उदाहरणार्थ डब्ल्यू १२३, त्यांचं तेल तरी पूर्ण काढता येतं.

आणखी एक इशारा आपल्या भागासाठी. जिनिंगवाल्यांच्या कृपेने इथे गाठोड्यांनी कापूस मिळतो आणि प्रत्येक गॅरेजात पुसायला तोच वापरतात. पेटीच्या आत त्याला शिरू देऊ नका. एकेक धागा व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटेत अडकतो आणि व्हॉल्व्ह अडवून ठेवतो. धागे न सुटणारं कापड किंवा हवेचा फवारा. सील आणि वॉशर जागेवर धरायला ग्रीस नको, व्हॅसलिन लावा. ते तेलात विरघळतं, ग्रीस फिल्टरला चिकटतं. नव्या क्लच प्लेटा बसवण्याआधी निदान अर्धा तास एटीएफमध्ये भिजल्या पाहिजेत.

कूलर धुणं विसरलात तर सगळी मेहनत वाया. दोन्ही पाइप सोडा, उलट्या दिशेने केरोसीन सोडा, मग कमी दाबाची हवा, मग थोडं ताजं एटीएफ. बाहेर पडणारं स्वच्छ होईपर्यंत करत राहा. कूलर गळतोय असं वाटलं तर धुळ्या-जळगावच्या रेडिएटरवाल्याला काढून द्या, तांब्या-पितळेचे रेडिएटर त्यांना छान जमतात. पाइप नवे करायचे तर पोलादाचे करा. तांब्याची नळी थरथरीने कडक होऊन तडकते. उन्हाळ्यात गाडी चालवणार असाल तर रेडिएटरच्या पुढे वेगळा छोटा कूलर लावून घ्या. या पेट्यांचा खरा शत्रू उष्णता आहे, आणि ती आपल्याकडे भरपूर.

चढवणं: घाई नको ती इथे

कन्व्हर्टरमध्ये आधी लिटरभर एटीएफ ओता. पंपाच्या सीलच्या ओठाला आणि कन्व्हर्टरच्या मानेला तेल लावा. कन्व्हर्टर सरळ धरून पेटीत सरकवा आणि हलकं ढकलत दोन्ही दिशांना फिरवत राहा. तो टप्प्याटप्प्याने आत जातो: आधी आतल्या शाफ्टच्या दात्यांवर, मग स्टेटरच्या दात्यांवर, मग पंपाच्या खाचांत. शेवटचा टप्पा सगळ्यांत फसवा. दोन टप्प्यांनंतर बसला असं वाटतं, प्रत्यक्षात पंप अजून धरलेला नसतो. खोलवर 'ढप' असा आवाज येऊन तो आणखी आत गेला की थांबा. बेल हाउसिंगच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून कन्व्हर्टरच्या बोल्टच्या जागेपर्यंतचं अंतर मोजा आणि लिहून ठेवा. मॅन्युअलच्या आकड्याशी जुळलं पाहिजे.

आता पेटी वर उचला. डॉवेल आणि क्रँकच्या मागची गोल जागा पुसून घ्या, तिथे किंचित ग्रीस चालेल. इंजिन आणि पेटी एकाच कोनात आणा. जॅक थोडा वर, थोडा खाली, पेटीची शेपटी हलवत. दोन्ही पृष्ठभाग हाताच्या ढकलण्याने एकमेकांना पूर्ण चिकटले पाहिजेत.

बोल्ट लावून पेटी ओढायची नाही. फट दिसतेय आणि कुणी म्हणालं "बोल्ट आवळ, येईल जवळ," तर त्याच्या हातातला पाना काढून घ्या. पंपात न बसलेला कन्व्हर्टर बोल्टने दाबला गेला की पंपाचा गिअर तुटतो किंवा पंपाचं झाकण तडकतं. इंजिन चालू केल्यावर दहा सेकंदांत कळतं, आणि मग पुन्हा सगळं खाली. फट राहिली तर पेटी मागे घ्या, कन्व्हर्टर पुन्हा बसवा.

तोंड चिकटलं की बेल हाउसिंगचे बोल्ट समोरासमोर आवळा, जनरल मोटर्सच्या पेट्यांना ३५ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे ४७ न्यूटन-मीटर. दर बोल्टनंतर खालून हात घालून कन्व्हर्टर फिरवून बघा. तो मोकळा फिरलाच पाहिजे. अडला तर तिथेच थांबा.

सगळे बोल्ट झाल्यावर कन्व्हर्टर आणि फ्लेक्स प्लेट यांच्यात मोकळी फट असावी, जनरल मोटर्सच्या पेट्यांत साधारण ३ ते ५ मिलिमीटर. कन्व्हर्टर हाताने पुढे ओढून तो प्लेटला टेकला पाहिजे. फट अजिबात नाही, तर कन्व्हर्टर आत बसलेला नाही. फट फार जास्त, तर पार्ट चुकीचा आहे का पाहा, मग मोजून वॉशर टाका. रंगाची रेघ जुळवा. बोल्ट मूळ लांबीचेच घ्या, लांब बोल्ट कन्व्हर्टरच्या पत्र्याला पोचा देतो. धाग्यांना लॉकटाइट लावा, तिन्ही बोल्ट हाताने सुरू करा आणि मगच आवळा.

बाकीचं उलट क्रमाने. शाफ्ट पंचच्या खुणांवर. पॅनचे बोल्ट फार आवळू नका. कॉर्कचं पॅकिंग दाबून बाहेर येतं आणि मग कायम गळत राहतं. ८ ते १२ फूट-पाउंड पुरे.

पहिली सुरुवात

चार-पाच लिटर तेल आधीच भरा, इंजिन चालू करा आणि लगेच ओतत राहा. कोरडा कन्व्हर्टर तेल पितो. एकूण नऊ-दहा लिटरपर्यंत जाऊ शकतं, म्हणून डबे जवळ हवेत. इंजिन तापवू नका, आयडलवर राहू द्या. ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक खुणेवर काही सेकंद ठेवा. परतीचा कूलर पाइप मिनिटभर बादलीत सोडून बघितलात तर उत्तम: अर्ध्या मिनिटात साधारण लिटरभर तेल यायला हवं. थेंब-थेंब येत असेल तर कूलर तुंबलेला आहे, गाडी बाहेर काढूच नका. या वेळात दुसऱ्या माणसाने भरायच्या नळीतून तेल ओतत राहायचं.

पहिली चक्कर सकाळी लवकर, सपाट रस्त्यावर. अमळनेर किंवा चोपड्याकडचे रस्ते बरे. गिअर कुठल्या वेगाला पडतो ते वहीत टिपा, मग मॉड्युलेटर किंवा केबल थोडी थोडी जुळवा. एका वेळी एकच गोष्ट बदला. परत आल्यावर गरम पेटीवर पातळी पुन्हा बघा, गाडीखाली पांढरा पुठ्ठा टाका आणि रात्रभर ठेवा. लाल डाग इंजिन आणि पेटीच्या सांध्याखाली पडला तर पंपाचा सील, मागे पडला तर शेपटीचा, मधे पडला तर पॅन. काळा डाग असेल तर तो इंजिनाचा मागचा सील, पेटीला दोष देऊ नका.

दोन-तीनशे किलोमीटर सपाटीवर नीट चालली की धुळ्याजवळचा लळिंगचा घाट चढवून बघा. चढताना तेलाचा वास येतो का, वरचा-खालचा गिअर सारखा बदलतोय का. उतरताना लिव्हर लोवर टाकून इंजिनाच्या जोरावर उतरा. वर पोचल्यावर रस्त्याच्या कडेला थांबून, इंजिन चालूच ठेवून, दांडी काढून बघा. तेलाचा रंग अजून लाल असेल आणि जळका वास नसेल, तर पॅनच्या बोल्टवर एकदा पाना फिरवायचं काम उरतं, तेही पेटी थंड झाल्यावर.